मुदत गेली म्हणजे सगळं गेलं?

कासाला आम्ही महिन्यातून एका रविवारी बसतो. बाजारात एका झेरॉक्सच्या दुकानाच्या ओट्यावर एक टेबल, दोन प्लास्टिकच्या खुर्च्या आणि एक रजिस्टर. शिष्यवृत्तीचे फॉर्म, रेशनकार्डातली नावं, जातीचे दाखले, आधारवरची चुकलेली जन्मतारीख, असलीच कामं येतात. बाहेरच्या माणसाला कासा हे नाव माहीत असलंच तर एप्रिल २०२० मधल्या गडचिंचलेच्या त्या भयंकर रात्रीमुळे, पोलीस ठाण्याचं नाव म्हणून. आमच्यासाठी ते चारोटी नाक्याजवळचं बाजाराचं गाव आहे. डहाणू-तलासरीच्या पाड्यांवरून माणसं इथे येतात, हातात प्लास्टिकची पिशवी, आणि पिशवीत आयुष्यभराचे कागद.

जुलैच्या रविवारी गर्दी नव्हती. पाऊस होता, लावणीचे दिवस होते. दोनच मोठी कामं आली. दोघांचंही पहिलं वाक्य एकच होतं: "मुदत गेली, असं सांगितलं."

पहिल्या होत्या साठीच्या एक खाला. जवळच्याच गावात त्यांच्या वडिलांची चिकूची लहानशी वाडी. वडील गेले तेव्हा मागे दोन मुलगे, दोन मुली. सातबाऱ्यावर वारस म्हणून लागली ती दोन मुलग्यांची नावं. फेरफार नऊ वर्षांपूर्वीचा. खालांना हे कळलं गेल्या हिवाळ्यात, वाडीच्या सौद्याची बोलणी सुरू झाली आणि भाच्याने मोबाइलवर सातबारा उघडून दाखवला तेव्हा. मार्चमध्ये त्यांनी फेरफाराची नक्कल काढली. ज्या कार्यालयात काढली तिथल्या माणसाने तारीख बघितली आणि सांगितलं, अपिलाची मुदत ६० दिवस, तुमची नऊ वर्षं झाली, आता काही होत नाही. खाला घरी गेल्या. भाऊ म्हणाला, "देऊ काहीतरी, कोर्टकचेरी कशाला." चार महिने गेले.

"बेटा, भावांनी फसवलं असं मी कुठे बोलणार नाही," त्या म्हणाल्या. "पण माझं नाव गेलं कुठे, एवढं तरी विचारू की नको?"

दुसरा एक वारली माणूस, पन्नाशीचा. त्याचा वनहक्काचा दावा उपविभागीय समितीने फेटाळला होता. कागदावर तारीख डिसेंबरची. डिसेंबरात तो बायकोपोरांसह भिवंडीकडे वीटभट्टीवर होता. दिवाळी झाली की या भागातले कितीतरी पाडे असे रिकामे होतात, ते पाऊस यायच्या बेताला पुन्हा भरतात. कागद कुणीतरी शेजारच्या घरी देऊन गेलं होतं. जूनच्या पहिल्या आठवड्यात घरी आल्यावर तो त्याच्या हातात पडला, आश्रमशाळेत शिकणाऱ्या नातीने वाचून दाखवला. तोही एका कार्यालयात जाऊन आला. तिथे डिसेंबरपासून महिने मोजले गेले, आणि तेच वाक्य.

"बाय, आता जमीन सोडायची का?" त्याने विचारलं. माझ्याकडे तेव्हा उत्तर तयार नव्हतं. मी कागदाचा फोटो काढला आणि आमच्या वकील मैत्रिणीला पाठवला. संध्याकाळी तिचा फोन आला. फोनवर ती आधी हसली. मग चिडली.

ती का चिडली, ते सांगायला हे संपादकीय आहे.

कायद्यात मुदत असते ती वाईट गोष्ट नाही, हे आधी मान्य करू. निकाल लागल्यावर तो कधीतरी पक्का व्हायला हवा. जिंकलेल्या माणसाला दहा वर्षांनी पुन्हा ओढत नेलं जाऊ नये. म्हणून १९६३ चा मुदतीचा कायदा आहे. त्याचं तिसरं कलम फार कडक आहे. समोरच्याने हरकत घेतली नाही तरी मुदतीबाहेरचं अपील न्यायालयाने फेटाळलंच पाहिजे, असं ते म्हणतं. दिवाणी निकालावर जिल्हा न्यायालयात अपील करायचं तर ३० दिवस, उच्च न्यायालयात ९० दिवस. सत्र न्यायालयाने शिक्षा दिली तर उच्च न्यायालयात जायला ६० दिवस, फाशी असेल तर ३०. निकालाची सही-शिक्क्याची नक्कल मिळायला जितके दिवस लागले तितके यातून वजा होतात. म्हणून नक्कल मागितल्याची आणि मिळाल्याची, दोन्ही तारखा जपून ठेवायच्या.

याच कायद्याचं पाचवं कलम मात्र एक दार किलकिलं ठेवतं. वेळेत का आलो नाही याचं पुरेसं कारण अपील करणाऱ्याने पटवून दिलं, तर न्यायालय उशीर माफ करून अपील दाखल करून घेऊ शकतं. याला विलंब माफीचा अर्ज म्हणतात. जमीन महसूल संहितेत फेरफाराविरुद्ध प्रांताकडे अपील करायची मुदत ६० दिवस आहे, आणि त्याच संहितेच्या २५१ कलमात असाच माफीचा रस्ता आहे. हे काही गुपित नाही. वकिलांच्या टेबलावर रोज असे अर्ज टाइप होतात. तरी सातबारा घेऊन आलेल्या बाईला जे वाक्य ऐकवलं जातं ते फक्त तिसऱ्या कलमाचं असतं. पाचवं कलम कुणी सांगत नाही.

(चुकलेल्या नमाजला आपण कजा म्हणतो. मराठीतला कज्जा हा शब्द त्याच अरबी मुळातून आला. मुदत, दावा, वकील हेही तिकडूनच आले. कोर्टाची भाषा आपल्याला परकी वाटायचं खरं तर कारण नाही.)

माझ्या मैत्रिणीने आधी वारली माणसाचा कागद घेतला. वनहक्क नियमांत २०१२ साली एक दुरुस्ती झाली. दावा फेटाळला तर ती गोष्ट दावेदाराला प्रत्यक्ष कळवली पाहिजे, आणि वरच्या समितीकडे दाद मागायचे ६० दिवस हे त्याला कळवल्याच्या तारखेपासून मोजायचे. त्यावर आणखी ३० दिवस वाढवून देणं समितीच्या हातात आहे. कागदावर डिसेंबर लिहिलंय म्हणून डिसेंबरपासून मोजायचं नाही. त्याच्या हातात कागद पडला जूनच्या पहिल्या आठवड्यात. जुलैच्या मध्याला चाळीसच दिवस झाले होते. म्हणजे मुदत गेलेलीच नव्हती! त्याला माफी मागायचीच गरज नव्हती. पण एका कार्यालयातल्या एका वाक्यावर विश्वास ठेवून तो कसत असलेली जमीन मनातून सोडायला निघाला होता.

खालांचंही थोडंफार तसंच. महसूल संहितेतले ६० दिवस अपील करणाऱ्याला निर्णय मिळाल्यापासून धरायचे आहेत. शिवाय फेरफार मंजूर होण्याआधी ज्यांचा ज्यांचा हितसंबंध आहे त्यांना तलाठ्याने लेखी कळवायचं असतं. खालांना काही कळवल्याचं त्यांना आठवत नाही. तरी मैत्रीण म्हणाली, नुसतं "मला आत्ताच कळलं" यावर विसंबायचं नाही, सोबत विलंब माफीचा अर्ज जोडायचाच. आणि तिने एक गोष्ट सांगितली ती मला आधी उलटी वाटली. नऊ वर्षांचं कारण देणं सोपं आहे, ती म्हणाली, नोटीसच नव्हती. अवघड आहे ते मार्च ते जुलै या चार महिन्यांचं. नक्कल हातात आली, सगळं कळलं, मग घरी का बसलात? प्रांत हेच विचारतील.

त्याचं खरं उत्तर आपल्याला माहीत आहे. भाऊ "देऊ काहीतरी" म्हणाला म्हणून. कार्यालयातल्या माणसाने आशा संपवली म्हणून. आणि सख्ख्या भावावर अपील टाकणारी बाई असं गावात नाव व्हायला नको म्हणून. या तिन्ही गोष्टी खऱ्या. तीनपैकी एकीचाही कागद नाही.

पाचव्या कलमावरचा सगळ्यात जास्त वापरला जाणारा निकाल एका काश्मिरी मुस्लिम बाईच्या नावाने ओळखला जातो. अनंतनागच्या भूसंपादन अधिकाऱ्यांविरुद्ध कातिजी, १९ फेब्रुवारी १९८७, सर्वोच्च न्यायालय. सार्वजनिक कामासाठी जमीन घेतली होती. भरपाई एका कनालला १,००० रुपयांवरून ८,००० रुपयांवर गेली, एकूण वाढ १४ लाखांच्या आसपास. त्यावर अपील करायला चार दिवस उशीर झाला आणि उच्च न्यायालयाने अपील फेटाळलं. सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा जिवंत केलं आणि असे प्रसंग उदार मनाने बघावेत म्हणून काही सूत्रं घालून दिली. उशिरा येऊन माणसाचा सहसा काही फायदा होत नसतो, उलट धोकाच असतो. प्रत्येक दिवसाच्या उशिराचं कारण द्या याचा अर्थ कीस काढायचा असा नाही, नाहीतर प्रत्येक तासाचं आणि प्रत्येक सेकंदाचंही मागावं लागेल. तांत्रिक मुद्दा एकीकडे आणि खरा न्याय दुसरीकडे असा प्रसंग आला तर पारडं न्यायाकडे झुकावं.

गरिबांच्या विलंब माफीच्या अर्जांत चाळीस वर्षं हा निकाल उद्धृत होतोय. मीही तो भक्तिभावाने सांगत आले. पण मूळ निकाल वाचला तर लक्षात येतं की त्यात उशिरा आलेली कातिजी नव्हती. उशिरा आलं होतं सरकार. वाढीव भरपाई मिळालेली बाई प्रतिवादी होती, आणि उदार मनाचा पहिला लाभ तिच्या विरुद्ध बाजूला मिळाला. चार दिवसांचा उशीर माफ करणं योग्यच होतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण दार कुणासाठी उघडलं गेलं, हे आपल्याला कुणी सांगितलं नव्हतं, एवढंच.

आणि सरकार ते दार पुढेही वापरत राहिलं. फाइल या टेबलावरून त्या टेबलावर गेली, साहेबांची बदली झाली, अभिप्राय यायला वेळ लागला, हीच कारणं वर्षानुवर्षं. शेवटी न्यायालयच कंटाळलं. २०१२ मध्ये टपाल खात्याच्या ४२७ दिवसांच्या उशिराला सर्वोच्च न्यायालयाने नकार दिला आणि सरकारी खात्यांना वेगळं घड्याळ नाही असं बजावलं. ऑक्टोबर २०२० मध्ये मध्य प्रदेश सरकार ६६३ दिवस उशिरा आलं, त्याला २५,००० रुपयांचा दंड झाला. काही वेळा सरकारं येतातच मुळी अर्ज फेटाळून घ्यायला, म्हणजे फाइल बंद करता येते आणि दोष कुणाचाच राहत नाही, हे त्या आदेशात न्यायमूर्तींनी उघड बोलून दाखवलं.

महाराष्ट्रातलं उदाहरण त्याहून बोलकं. पुणे कॅन्टोन्मेंटमधली एका पारशी कुटुंबाची मिळकत केंद्र सरकारकडे भाड्याने होती. घरमालकाच्या बाजूने ताब्याचा निकाल लागला. सरकार मुंबई उच्च न्यायालयात गेलं, तिथे पाठपुरावा न केल्याने त्याची याचिका २००६ मध्ये निकाली निघाली. ती पुन्हा उघडा म्हणून सरकार परत आलं तेव्हा १२ वर्षं १५८ दिवस उशीर झाला होता. उच्च न्यायालयाने नकार दिला, आणि ३ एप्रिल २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही. तोवर निकाल हातात असलेला मालक ताब्याची वाट बघत बसला होता. ज्याच्याकडे वकिलांची फौज आहे, प्रत्येक हालचालीची नोंद आहे, त्याला बारा वर्षं आठवण झाली नाही.

त्यानंतर पाचच दिवसांनी, ८ एप्रिल २०२४ रोजी, त्याच सर्वोच्च न्यायालयाने आंध्रमधल्या जमीन गेलेल्या लोकांच्या वारसांचा ५,६५९ दिवसांचा उशीर माफ करायला नकार दिला. तुमची बाजू खरी असेल, तुमच्या शेजाऱ्यांना वाढीव भरपाई मिळाली असेल, तरी त्यावरून उशीर माफ होत नाही, कारण द्यावं लागेल, असं त्यात म्हटलं आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये कर्नाटकच्या गृहनिर्माण मंडळाला उच्च न्यायालयाने माफ केलेला ३,९६६ दिवसांचा उशीर सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. वारं बदललंय, हे उघड आहे. कातिजीच्या वेळचा मोकळा हात आता मिळेल असं धरून चालू नका.

सरकारवर कडक झाले याचं मला वाईट वाटत नाही, बरंच वाटतं. काळजी वेगळी आहे. सरकारी ढिलाईला वैतागून दार घट्ट झालं, की त्यात बोटं सापडतात ती मागून येणाऱ्याची. कडकपणा दोघांना सारखा असला तरी दोघांच्या हातात सारखं काही नाही. सरकारी फाइलवर प्रत्येक टेबलाची तारीख असते. वीटभट्टीचा मालक हजेरीचा कागद देत नाही. नवऱ्याने घराबाहेर पडू दिलं नाही याची पावती नसते. गरिबाला उशीर का झाला याचं कारण बहुतेक वेळा खरं असतं आणि बहुतेक वेळा कुठेही लिहिलेलं नसतं.

कोरोनाची आठवण या संदर्भात मला वारंवार येते. २३ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने आपण होऊन देशभरातलं मुदतीचं घड्याळ थांबवलं. १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ नंतर सगळ्यांसाठी हिशोबातून वगळला गेला. कंपनी असो की भाजीवाला, कुणालाही प्रतिज्ञापत्र करून सांगावं लागलं नाही की बाबा, मी घराबाहेर पडू शकलो नाही. न्यायालयाला ते दिसत होतं, कारण न्यायालयही घरातच होतं. पाडे रिकामे होतात ते सहा महिने मात्र दर वर्षी येतात, आणि दर वर्षी प्रत्येक माणसाने ते एकेकट्याने सिद्ध करायचे असतात.

मग करायचं काय? तुमच्यापैकी पुष्कळ जण घरातले पहिले शिकलेले आहात. आजूबाजूच्या लोकांचे अर्ज तुम्हीच लिहिता. म्हणून माझी एक चूक सांगते. काही वर्षांपूर्वी एका बाईंच्या पोटगीच्या प्रकरणात विलंब माफीच्या अर्जाचा मसुदा मी केला होता. "अर्जदार अशिक्षित, गरीब व पडदानशीन असल्याने विलंब झाला, तो हेतुपुरस्सर नाही, तरी माफ व्हावा." हा परिच्छेद मी दुसऱ्या एका अर्जातून उचलला होता. छान वाटला होता. अर्ज दोन ओळींत फेटाळला गेला. त्या बाई त्या महिन्यांत मुलाला घेऊन दवाखान्यात होत्या, केसपेपर घरात होता, आणि मी त्यांना विचारलंच नव्हतं! गरीब आणि अशिक्षित ही काही तारीख नव्हे. त्या बाई पडदाही करत नसत.

आता आम्ही उलटीकडून सुरू करतो. रजिस्टरच्या पानावर उभी रेघ मारायची. डावीकडे तारखा, उजवीकडे त्या दिवसांत माणूस कुठे होता. निकाल कधी, कळलं कधी, कुणी सांगितलं, नक्कल कधी मागितली, कधी मिळाली, आज कोणती तारीख. मधे जी जागा रिकामी राहील तिथे कागद शोधायचा. भट्टीवर गेलेल्या माणसाचं रेशन त्या महिन्यांत गावच्या दुकानातून उचललं गेलेलं नसतं, आणि मशीनवर त्याची नोंद असते. पोराच्या शाळेच्या हजेरीपटावर गैरहजेरी असते. केसपेपर, औषधाचं बिल, एसटीचं तिकीट, वकिलाला पाठवलेला व्हॉट्सॲप मेसेज, काहीही चालतं. चुकीच्या कार्यालयात प्रामाणिकपणे चकरा मारल्या असतील तर तेही सांगायचं, तो काळ विचारात घेतला जातो. आणि जिथे खरोखर आपलीच चूक झाली तिथे चूक झाली असं लिहायचं. खोटं आजारपण लिहू नका. एक खोटा दाखला सापडला की उरलेलं खरंही बुडतं.

काही ठिकाणी हे दार नाहीच, तेही सांगायला हवं. पाचवं कलम अपिलाला आणि अर्जाला लागतं, नव्या दाव्याला लागत नाही. दाव्याची मुदत गेली तर ती या कलमाने परत येत नाही. तलासरी-डहाणूतून जाणाऱ्या मुंबई-वडोदरा द्रुतगती मार्गासारख्या राष्ट्रीय महामार्गाला ज्यांची जमीन गेली, त्यांच्या भरपाईचा वाद लवादाकडे जातो. लवादाच्या निवाड्याला न्यायालयात आव्हान द्यायला तीन महिने, पुरेसं कारण असेल तर आणखी ३० दिवस, त्यापुढे एक दिवसही नाही. तिथे कितीही खरं कारण असलं तरी न्यायालयाचे हात बांधलेले आहेत, हे सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्येच स्पष्ट केलं. मोठा रस्ता जिथून जातो तिथल्या शेतकऱ्याला सगळ्यात आखूड दोर मिळावा, हे मला अजून पचलेलं नाही. तुमच्या नात्यात कुणाकडे असा निवाडा आला असेल तर हे वाचून झाल्यावर आधी त्याची तारीख बघा.

खालांसारख्या आणि त्या वारली भाऊंसारख्या लोकांना वकिलाच्या फीची भीती असते. मोफत कायदेशीर मदतीचा १९८७ चा कायदा स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींना आणि कोठडीत असलेल्यांना उत्पन्न न बघता वकील देतो. त्यात न्यायालय म्हणजे महसुली न्यायालयही येतं, म्हणजे प्रांतापुढच्या अपिलालाही ही मदत मागता येते. तालुका विधी सेवा समितीत अर्ज करायचा किंवा १५१०० वर फोन करायचा. मिळालेला वकील हुशार असेलच असं नाही. पण तारखांचं पान तुम्ही तयार करून दिलंत तर त्याचं अर्धं काम झालेलं असतं.

आणि एक मागणी आहे, ती आपण चळवळ म्हणून लावून धरली पाहिजे असं मला वाटतं. २३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांच्या एका प्रकरणात सुचवलं की शिक्षेच्या किंवा जामीन नाकारल्याच्या निकालाची प्रत देताना न्यायालयांनी वर एक पान जोडावं. वरच्या न्यायालयात जायला मोफत मदत मिळू शकते, आणि त्यासाठी कुणाला कुठे भेटायचं, हे त्या पानावर असावं. एवढं साधं पान. मग तेच पान वनहक्काचा दावा फेटाळल्याच्या कागदावर का नसावं? फेरफाराच्या नोटिशीवर का नसावं? मराठीत तीन ओळी: या निर्णयाविरुद्ध अमुक ठिकाणी अपील करता येईल, हा कागद तुमच्या हातात पडल्यापासून इतक्या दिवसांत, उशीर झाल्यास कारण सांगून माफी मागता येईल. खाली कागद हातात मिळाल्याची तारीख आणि घेणाऱ्याची सही किंवा अंगठा. कागद कधी पोचला यावरचे निम्मे वाद या शेवटच्या ओळीनेच मिटतील. यासाठी नवा कायदा लागत नाही. विभागाने एक परिपत्रक काढलं तरी पुरे. कार्यालयांना हे अडचणीचं वाटेल, कारण मग "मुदत गेली" म्हणून माणसाला परत पाठवता येणार नाही.

वनहक्कात तर हे फारच गंभीर आहे. दावा फेटाळला गेलेल्या लाखो कुटुंबांना हटवा असा आदेश १३ फेब्रुवारी २०१९ ला निघाला होता, पंधरा दिवसांत त्याला स्थगिती मिळाली. ती मिळाली नसती तर पाड्यावरच्या माणसाच्या पिशवीतला तो एक कागद घर मोडायला पुरला असता. मे २०२० मध्ये राज्यपालांनी महाराष्ट्राच्या अनुसूचित भागासाठी जिल्हा समितीच्याही वर विभागीय आयुक्तांकडे अपिलाची सोय केली. तारीख १८ मे, कडक लॉकडाऊन. त्या दिवसांत ही बातमी किती पाड्यांवर पोचली असेल याचा अंदाज तुम्हीच करा.

आपल्या लोकांबद्दलही एक गोष्ट बोलायची आहे, थोडी कडू. खालांना कार्यालयातल्या माणसाने परत पाठवलं ते एका मिनिटात. पण चार महिने त्यांना थांबवलं ते आपण. घरच्यांनी, गावच्या वडीलधाऱ्यांनी, "आपसात मिटवू" म्हणणाऱ्या चांगल्या माणसांनी. आपसात मिटवायला माझा विरोध नाही, मिटलं तर उत्तमच. पण मिटवणाऱ्याने ६० दिवसांचं घड्याळ बघून मिटवावं. बैठक घ्यायची तर तारीख टाकून, कागदावर, सह्यांसकट घ्या. ती फिसकटली तर उद्या तोच कागद बाईच्या उशिराचं कारण म्हणून उभा राहील. बापाच्या वाडीत मुलीचा वाटा आहे हे कासाच्या बाजारात कुणीही नाकारणार नाही. सगळे मान्य करतात आणि सगळे थांबायला सांगतात.

फेरफाराने मालकी ठरत नाही, वाटपाचा दावा वेगळा लावावा लागेल, हेही खालांना सांगितलं आहे. त्यांनी ऐकून घेतलं. "आधी नाव लागू दे," म्हणाल्या. अपील आणि विलंब माफीचा अर्ज दाखल झाला आहे. मार्च ते जुलैच्या रकान्यात आम्ही लिहिलं: भावाने तोंडी आश्वासन दिलं, कार्यालयात मुदत संपल्याचं सांगण्यात आलं, आणि आप्तांविरुद्ध दाद मागण्याचा संकोच वाटला. तिसरं कारण लिहावं की नाही यावर वकील मैत्रिणीचा आणि माझा वाद झाला. खाला म्हणाल्या, "खरं आहे ना? मग लिहा." भाच्याने प्रतिज्ञापत्र दिलंय की सातबारा त्यानेच हिवाळ्यात मोबाइलवर दाखवला होता. तो त्याच भावाचा मुलगा आहे.

वारली भाऊंची याचिका साठाव्या दिवसाच्या आत जिल्हा समितीकडे पोचली. कागद जूनमध्ये हातात मिळाल्याचं शेजाऱ्याने लिहून दिलं, नातीने सही केली, गावच्या दुकानातून रेशनच्या नोंदीची प्रत काढली. पोच घेताना तिथल्या माणसाने पुन्हा डिसेंबरची तारीख दाखवली. भाऊंनी नियमाची झेरॉक्स पुढे केली, ज्या ओळीवर आम्ही पेनाने खूण केली होती त्या ओळीवर बोट ठेवलं, आणि शिक्का पडेपर्यंत बोट हलवलं नाही.